नमस्कारांचा नेम

रोज किती सूर्यनमस्कार घालायचे ते आधी ठरवून तेवढे अखंड घालत राहण्याचा परिपाठ. जोर-बैठका तालमीत वाढल्या, नमस्कार मात्र घरात रुजले. त्यांना एक सतरंजी आणि अंग पसरण्यापुरती जागा पुरते. नमस्कार कसा घालतात हे वाचकांना ठाऊक असल्याने येथे मुख्यतः संख्येचा आणि तिच्यामागील परंपरेचा विचार केला आहे.

नेमाची सुरुवात संकल्पाने होते. तिथी, स्थळ व हेतू उच्चारून ‘नमस्काराख्यं कर्म करिष्ये’ असे म्हणत पाणी सोडतात. त्यात येणारा ‘यथाशक्ति’ हा शब्द सहसा घाईने म्हटला जातो. वास्तविक व्यायामाच्या दृष्टीने संकल्पाचे सारे मर्म त्याच शब्दात आहे.

संख्येची सर्वांत रेखीव मांडणी तृचाकल्प या मंत्रोक्त सूर्यनमस्कारांच्या विधीत आढळते. ऋग्वेदातील (१.५०.११–१३) तीन ऋचांचा हा समूह, म्हणून ‘तृच’. पहिल्याच ऋचेत ‘हृद्रोगं मम सूर्य हरिमाणं च नाशय’ अशी प्रार्थना आहे. ‘हरिमाण’ म्हणजे अंगावरचा पिवळेपणा, बहुधा कावीळ. तिन्ही ऋचा अनुष्टुभ छंदात असल्याने प्रत्येकीचे चार पाद, एकूण १२. एकेका पादाला ‘ह्रां’, ‘ह्रीं’ इत्यादी सहा बीजमंत्रांपैकी (एकाक्षरी मंत्रांपैकी) एक आणि मित्र, रवी, सूर्य, भानू या क्रमाने सूर्याचे एक नाव जोडून १२ नमस्कार होतात. मग अर्ध्या ऋचेला एक याप्रमाणे ६, पूर्ण ऋचेला एक याप्रमाणे ३ आणि शेवटी तिन्ही ऋचा सलग म्हणून नमस्कार. मंत्र लांबत जातो, तसा दोन नमस्कारांमधला विसावाही वाढतो. दमत चाललेल्या शरीराला ही रचना फार सोयीची आहे. ती हेतुपुरस्सर केली असेल काय, हे सांगणे कठीण.

व्यायाम म्हणून नमस्कार केव्हापासून घालतात, याविषयी एकमत नाही. समर्थ रामदास नाशिकजवळ टाकळी येथे रोज १,२०० नमस्कार घालत, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. ही संख्या श्रद्धेचा विषय मानावी. उलट, मार्क सिंगलटन यांच्यासारखे योगाच्या इतिहासाचे अभ्यासक आजच्या सूर्यनमस्काराची घडण मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानतात. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत हा क्रम आसन म्हणून येत नाही, हे त्यांच्या बाजूने जाते. तथापि हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथावरील ब्रह्मानंदांच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत (एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासची) पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे व जड ओझी उचलणे साधकाने टाळावे, असा इशारा आहे. निषेध करावा लागला, त्या अर्थी मोठ्या संख्येने नमस्कार घालणारे लोक तेव्हा होतेच. त्यामुळे पुढे आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानात जे घडले ते नमस्काराचा आरंभ नसून त्याची शिस्तबद्ध बांधणी होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ही बांधणी औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी केली. १८९७ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी युजेन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढे मिरजकर अधिपतींच्या सांगण्यावरून ते १९०८ च्या सुमारास नमस्कारांकडे वळले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि स्त्रियांनीही ते घालावेत असा आग्रह धरला.

संख्या ठरवताना ‘एक नमस्कार’ कशाला म्हणायचे, हे आधी पाहावे लागते. औंध पद्धतीत दहा अवस्था मोजतात, अन्यत्र बारा. बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत उजव्या व डाव्या पायाचे मिळून एक आवर्तन, म्हणजे २४ हालचाली होतात. साहजिकच एकाचे १२ ते दुसऱ्याचे २४ ठरतात. दुसऱ्याचा आकडा ऐकून आपला नेम ठरवणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

प्रचलित श्लोकात ‘आदित्यस्य नमस्कारान् ये कुर्वन्ति दिने दिने’ असे म्हटले आहे. फलश्रुतीत पाठभेद आहे: एका पाठात दारिद्र्य येत नाही, दुसऱ्यात आयुष्य, प्रज्ञा, बल, वीर्य व तेज लाभते. दोन्हीकडे ‘दिने दिने’ कायम आहे, आकडा मात्र कुठेच नाही. रथसप्तमीला १०८ घालून अष्टमीला मांड्या धरून बसण्यापेक्षा उद्याही घालता येतील असे १२ बरे. मोजणीसाठी वाटीत बारा हरभरे घेऊन दर नमस्काराला एक बाजूला टाकण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. औंध पद्धतीत तळवे एकदा टेकले की उठेपर्यंत जागचे हलत नाहीत. ते सरकू लागले किंवा श्वासाची लय तुटली, की त्या दिवसापुरती शक्ती संपली असे समजावे. संख्या वाढवायची ती शेवटचा नमस्कार पहिल्यासारखा निघू लागल्यावरच. पाठीचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आरंभ करावा.

सावकाश घातलेल्या १२ नमस्कारांना साधारण पाच-सहा मिनिटे लागतात, म्हणजे आठवड्याला सुमारे ४० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने (२०२०) प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. तेव्हा एवढ्या नेमाला चालण्याची जोड हवीच.

नमस्कार संपल्यावर ‘अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्’ म्हणत सूर्याच्या पाद्याचे तीर्थ घेतात व त्या दिवसाचा नेम पुरा करतात.