धर्मादाय रुग्णालयातली मोफत खाट: चिठ्ठीची गरज नाही

"धर्मादाय रुग्णालयात फुकट उपचार हवेत? मग आमदाराची चिठ्ठी आणा." हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी कलम ४१ कक आहे. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना मंजूर केली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. खर्चासाठी रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. चिठ्ठीची अट त्यात कुठेही नाही. लागतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड.

गेल्या पावसाळ्यात मी शेजारच्या आजोबांसोबत अशाच एका रुग्णालयात गेले होते. आयुष्यभर वॉचमनची नोकरी, पेन्शन नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी जपून दाखला काढला. काउंटरवरून उत्तर आलं, "आधी डिपॉझिट भरा." आजोबा निमूट मागे वळले. ते वळणं मला अजून सलतं. मी म्हटलं, "नाही म्हणताय ते लेखी द्या, आणि वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते सांगा." पाच मिनिटांत फॉर्म हातात आला.

तातडीच्या रुग्णाला तर आधी दाखल करून घ्यावंच लागतं, डिपॉझिट मागता येत नाही. तरीही अडवलं, तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.