कसोटी न खेळता कसोटी सांगणारा

सोलापुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात टेबल, टेबलावर अॅम्प्लिफायर आणि माइक धरून बसलेला एक पोरगा. तो सहसा संघात नसतो. संघात घेत नाहीत म्हणूनच बऱ्याचदा माइकपाशी आलेला असतो. “गेला बे, थेट रस्त्यावर!” हे मराठीत, पुढचा चेंडू हिंदीत, आणि फलंदाज शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागातला असला की दोन शब्द तेलुगूत. अशा पोराला कुणीतरी हमखास म्हणतं, “लई हर्षा भोगले झालास.” क्रिकेटचे समालोचक हर्षा भोगले यांच्या नावानं मारलेला टोमणाच असतो तो, पण पोरगा खूश होऊन माइक आणखी जवळ धरतो.

हा टोमणा आपल्या गावाला जरा जास्तच शोभतो. सोलापुरात घरी तेलुगू बोलणारी आणि बाहेर मराठी बोलणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. भोगल्यांचं नेमकं उलट. घरात मराठी आणि दाराबाहेर हैदराबाद. १९ जुलै १९६१ला त्यांचा जन्म तिथलाच. वडील फ्रेंचचे प्राध्यापक, आई मानसशास्त्राच्या. हैदराबादेत मराठी घरं कशी, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडतो, आपल्याला पडू नये. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. इथून पाऊण-एक तासावरच्या तुळजापूरच्या माणसाची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी, सगळ्याला तिकडंच जायचं.

सोलापूर-हैदराबाद या तीनशे-एक किलोमीटरच्या रस्त्यावर क्रिकेटचाही एक धागा आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६चा, सोलापूरचा. कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक त्यांनी काढलं ते १९५५च्या नोव्हेंबरात, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबादच्या फतेह मैदानावर. २२३ धावा. गावातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे, विचारून बघा.

त्या काळात क्रिकेट बघणारे थोडे आणि ऐकणारे फार. आपल्याकडं रेडिओवर धावतं वर्णन सुरू झालं १९३४ला, मुंबईतल्या पारशी-मुस्लिम सामन्यापासून. बोलणारे होते ए. एफ. एस. तल्यारखान, म्हणजे बॉबी. दिवसभर एकटेच बोलायचे, माइक दुसऱ्याबरोबर वाटून घेणं त्यांना पटायचं नाही. पुढं आकाशवाणीनं ही कला वाढवली आणि तिथं जे आवाज मोठे झाले, त्यांतल्या अनेकांचा मोठ्या क्रिकेटशी खेळाडू म्हणून संबंध नव्हता. १९७५ला क्वालालंपूरला भारतानं हॉकीचा विश्वचषक जिंकला, तो देशानं पाहिला नाही, जसदेव सिंग यांच्या हिंदीतून ऐकला. मराठीत बाळ ज. पंडित होते. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, पण लोकांनी त्यांना लक्षात ठेवलं ते आवाजासाठी. षटक, यष्टिरक्षक, क्षेत्ररक्षण हे शब्द वर्तमानपत्रात वाचताना पुस्तकी वाटतात. पंडितांच्या तोंडून आले की चेंडूच्या वेगानं यायचे.

रेडिओवर सगळी भिस्त शब्दांवर. वारा कुठून वाहतोय, गोलंदाजानं बाह्या दुमडल्यात का, सीमारेषेवरचा माणूस दोन पावलं आत आलाय का, हे बोलणाऱ्यानं सांगितलं नाही तर ऐकणाऱ्यासाठी ते नसतंच. भोगले शिकले ते या शाळेत. हैदराबाद आकाशवाणीवर पहिल्यांदा बोलले तेव्हा वय एकोणीस. क्लब आणि विद्यापीठाच्या पातळीवर खेळले, पण त्यापुढं नाही. उस्मानियातून केमिकल इंजिनिअरिंग, मग अहमदाबादचं आयआयएम, मग जाहिरात कंपनीत नोकरी. मध्यमवर्गीय मराठी घराला यातली प्रत्येक पायरी समजते. पुढची समजत नाही. चांगली वाट सोडून हा मुलगा क्रिकेटबद्दल बोलायला निघाला.

१९९१-९२ला भारताचा संघ ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेनं, एबीसीनं, त्यांना समालोचनाला बोलावलं. भारतीय समालोचकाला असं बोलावणं हे पहिलंच. अजून तिशीच जेमतेम ओलांडलेली. एबीसीचं ते काम रेडिओचं होतं, हे इथं लक्षात ठेवण्यासारखं.

टीव्हीचं दार उघडलं ते वेगळ्याच भांडणातून. १९९३च्या हिरो कपचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेनं परदेशी कंपनीला दिले, तेव्हा दूरदर्शन आणि सरकार आडवे आले. सचिननं शेवटचं षटक टाकून दक्षिण आफ्रिकेला दोन धावांनी अडवलं तीच ही स्पर्धा. मैदानाबाहेर खटले चालू होते. फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. एका क्रिकेट स्पर्धेच्या चित्रीकरणावरून सुरू झालेलं प्रकरण देशाच्या प्रसारणाचा पाया हलवून गेलं, आणि त्यानंतर क्रीडावाहिन्यांना इथं खरं रान मोकळं मिळालं. ईएसपीएनवर त्याच सुमारास भोगले दिसू लागले. केबलवाल्याचं काळं वायर गच्चीवरून खिडकीत येण्याचे ते दिवस. शेजारी गावसकर किंवा शास्त्री, आणि मधे हा इंजिनिअर, हसत प्रश्न विचारणारा.

टीव्हीचं गणित मात्र रेडिओच्या उलट निघालं. चित्र समोर असताना वर्णन कुणाला हवं? हवी होती ती आतली खबर, आणि ती खेळलेल्यांकडंच असणार असं वाहिन्यांनी धरलं. हळूहळू समालोचन कक्ष म्हणजे माजी कर्णधारांची बैठक झाली. तिथं भोगले टिकले ते विचारण्याच्या जोरावर. नेमका प्रश्न टाकून शेजारच्या दिग्गजाला बोलतं करायचं आणि स्वतः गप्प बसायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही.

२०१६च्या आयपीएलच्या तोंडावर भारतीय क्रिकेट मंडळानं त्यांना एकाएकी वगळलं. त्याआधी टी-ट्वेंटी विश्वचषकात भारतानं बांगलादेशला एका धावेनं हरवलं होतं, आणि भारतीय समालोचकानं आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं, अशा अर्थाचं ट्वीट अमिताभ बच्चन यांनी केलं होतं. नाव कुणाचं नव्हतं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. भोगल्यांना वगळण्याचा संबंध लोकांनी या ट्वीटशी जोडला. मंडळानं कारण दिलं नाही, आणि आपल्यालाही कुणी सांगितलं नाही, असं भोगल्यांनी नंतर लिहिलं. आयपीएलच्या माइकवर ते परतले २०१८ला.

मूळ दुखणं उघडं पडलं ते २०१९च्या कोलकात्यातल्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत. चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं भोगले म्हणाले. संजय मांजरेकरांनी थेट प्रक्षेपणात सुनावलं की हे विचारावं तुला लागतं, आम्ही खेळलेलो आहोत. खेळलेलं असणं ही शिकण्याची मर्यादा होऊ नये, असं उत्तर भोगल्यांनी शांतपणे दिलं. मांजरेकरांनी पुढं चूक कबूल केली. दोघं मराठी, भांडण इंग्रजीत. पण स्वर अगदी ओळखीचा. आपल्या नाक्यावर तो रोज ऐकू येतो: “तू कधी बॅट धरलीस का बे?”

दरम्यान मराठी समालोचन परत आलंय. २०२३ला जिओसिनेमानं आयपीएल बारा भाषांत दाखवली, त्यात मराठी होती. तिथं बोलायला बसलेल्यांत क्रिकेटपटू केदार जाधव होता. स्पर्धा निम्म्यावर आली असताना बंगळुरूच्या संघाला एक खेळाडू कमी पडला, त्यांनी केदारला बोलावलं, आणि तो माइक ठेवून खेळायला निघून गेला.