चटका कुठे बसतो?

चैत्रातली पालखी होती. बारा वाजून गेले होते आणि देवळाच्या आवारातली लादी उन्हानं अशी तापली होती की आम्ही सगळे टाचांवर, चवड्यांवर, जमेल तशा उड्या मारत सभामंडप गाठत होतो. मामा मात्र नारळ-केळ्यांचं तबक सांभाळत नेहमीच्या चालीनं आले.

"मामा, पाय भाजले नाहीत तुमचे?"

"कुठे काय? मला तर काहीच लागलं नाही."

रात्री मामी त्यांच्या पायांना तेल लावायला बसल्या, तेव्हा दोन्ही तळव्यांवर रुपयाएवढे फोड होते.

लादी तीच, ऊन तेच. कातडी त्यांची पोळली, आमची वाचली. तरी ओरडलो आम्ही. हे कोडं तेव्हापासून माझ्या मनात आहे. इजा आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या फोडांनी शिकवलं. इजा पायाला होते. वेदना शरीराला घडवावी लागते, आणि त्यासाठी तळव्यापासून मेंदूपर्यंतची सगळी माळ शाबूत असावी लागते.

माळेचा पहिला मणी कातडीत असतो. तिथे काही मज्जातंतूंची टोकं उघडीच असतात, कुठलंही आवरण नसलेली. साधा स्पर्श, कोमट पाणी, वाऱ्याची झुळूक यांची ती दखल घेत नाहीत. इजा होईल इतकी उष्णता, दाब किंवा दाहक रसायन आलं की मगच जागी होतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली त्यांना वेगळं नाव दिलं. मराठीत आपण त्यांना इजाग्राही म्हणू.

उष्णता आली हे या टोकांना कळतं कसं, याचं उत्तर मिळायला मिरचीची मदत लागली. मिरची मूळची अमेरिका खंडातली, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली आणि आता इतकी आपली झाली की काणकोणातल्या खोल्याची मिरची भौगोलिक मानांकन मिरवते. तिचा तिखटपणा ही खरं तर चव नव्हेच. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात दाखवून दिलं की मिरचीतलं कॅप्सायसिन मज्जातंतूच्या टोकावरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि हेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढच्या उष्णतेनंही उघडतं. टीआरपीव्ही-१ हे त्याचं नाव. ते म्हणजे पेशीच्या भिंतीतलं एक दार. दार उघडलं की विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि तंतूत विजेची लहर उठते. ठेचा आणि तापलेली लादी एकाच दारावर थाप मारतात. म्हणूनच तिखटानं तोंड 'भाजतं'. पक्ष्यांमधलं हेच दार कॅप्सायसिनला दाद देत नाही, त्यामुळे ते मिरच्या खुशाल खातात आणि तिच्या बिया लांबवर पसरवतात. या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं, आणि त्याच पारितोषिकात वाटेकरी होते आर्डेम पटापुटियन, ज्यांनी दाब ओळखणारी दारं शोधली.

स्वयंपाकघरातला एक अनुभव यातून नीट उलगडतो. मिरच्या चिरून आग होणारे हात गरम पाण्याखाली धरले तर आग आणखी वाढते, कारण कॅप्सायसिननं दार आधीच अर्धवट ढिलं केलेलं असतं. एरवी सुखद वाटणारी ऊबही त्याला पुरते. उन्हानं करपलेल्या पाठीवर कोमट पाणी झोंबतं, त्यामागेही असंच काहीसं असतं. तिथे दार ढिलं करणारी रसायनं शरीर स्वतःच सोडतं. त्यातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती ॲस्पिरिन रोखतं, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं. मिरचीच्या हातांना मात्र खोबरेल चोळावं. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही.

दार उघडलं, लहर उठली. आता ती पोचायची आहे. वेदनेच्या वाटा दोन प्रकारच्या. एका प्रकारच्या तंतूंवर पातळ आवरण असतं. त्यांतून लहर सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगानं धावते. दुसरे तंतू बिनआवरणाचे आणि बारीक. त्यांतला वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. तळव्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर ढोबळमानानं एक मीटर धरा. पहिली वर्दी सेकंदाच्या छोट्याशा अंशात पोचते, दुसरी सेकंदभरानं. पायाचं बोट दाराच्या उंबऱ्यावर आपटतं तेव्हा आधी एक लख्ख कळ येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती खोल, ठणकणारी, जिवाला खाणारी वेदना. ती दुसरी येणार हे आपल्याला त्या क्षणात ठाऊकही असतं.

पाय मात्र तेवढा वेळ थांबत नाही. पाठीच्या मज्जारज्जूतच निर्णय होतो आणि भाजलेला पाय वर उचलला जातो. त्याच वेळी दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ होतात, नाहीतर आपण कोसळलो असतो. आवारात आम्ही ज्या उड्या मारत होतो, त्यांतली पहिली मेंदूला विचारून मारलेलीच नव्हती.

मज्जारज्जू नुसती वर्दी पुढे ढकलतो असंही नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की तिथे एक फाटक आहे, आणि स्पर्शाच्या जाड तंतूंमधून येणारी वर्दी ते फाटक अंशतः लोटून घेऊ शकते. तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला. पडलेल्या पोराचा गुडघा आई चोळते तेव्हा तिथे खरोखर काहीतरी घडत असतं.

वरूनही हुकूम येतात. हा वेदनेच्या विज्ञानातला मला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो, आणि त्याचा एक धागा आपल्या गोव्यातच आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे प्रयोग करणारे गोव्याचे धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे: हात पसरून उभे फारिया आणि समोर कलंडलेली स्त्री. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५ सालचा. फारिया १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मले. भर सभेत प्रवचनाला उभं राहिल्यावर त्यांची वाचा बसली आणि वडिलांनी कोंकणीत "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" (समोरचे लोक म्हणजे नुसती भाजी, काप ती) असं पुटपुटताच ती मोकळी झाली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे १८१३ पासून पॅरिसमध्ये ते माणसांना "झोपा!" एवढ्या आज्ञेनं संमोहित करून दाखवत. त्या काळी याचं श्रेय संमोहकाच्या अंगातल्या कुठल्याशा चुंबकीय द्रवाला दिलं जाई. फारियांनी ते नाकारलं: जे घडतं ते संमोहित होणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडतं.

ज्या वर्षी मिरचीचं दार सापडलं, त्याच १९९७ साली माँट्रियलच्या संशोधकांनी स्वयंसेवकांचे हात झोंबणाऱ्या गरम पाण्यात बुडवले आणि संमोहनातून सूचना दिल्या: आता हे कमी त्रासदायक वाटेल, आता जास्त. पाण्याचं तापमान तेच ठेवलं होतं. तरी त्रास सूचनेप्रमाणे कमीजास्त झाला, आणि त्यासोबत मेंदूच्या आतल्या घडीतल्या एका भागाची हालचालही बदलली. चटका कुठे आणि किती जोराचा, हे नोंदवणारा भाग मात्र तसाच राहिला. 'भाजतंय' आणि 'सोसवत नाही' ही दोन कामं मेंदू दोन ठिकाणी करतो. शिवाय त्याच्याकडे स्वतःची अफूसदृश द्रव्यंही आहेत. त्यांतली पहिली १९७५ साली ॲबर्डीनमध्ये ओळखली गेली. ती वापरून तो खालचं फाटक वरून बंद करू शकतो.

मग वेदना नसतीच तर? २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा: दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आधी तो छपरावरून उडी मारून मरण पावला. अभ्यासलेल्या त्याच्या नातलगांमध्ये वेदनेच्या तंतूंतलं, सोडियमचे कण आत सोडणारं एक दार जन्मापासून निकामी होतं. त्याच प्रकारचं सोडियमचं दुसरं एक दार रोखणारं सुझेट्रिजिन हे वेदनाशामक अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालं.

मामांचं दार जन्मजात बिघडलेलं नव्हतं. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मज्जातंतू झिजतात, आणि सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी. म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरता मोज्यासारखी वर चढते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. हा आकडा वाचल्यापासून कुठल्याही जत्रेतली अनवाणी रांग मला पूर्वीसारखी दिसत नाही. त्यातले कितीजण न भाजता भाजत असतील?

आणखी एक गोष्ट मामांनी कुणालाच सांगितली नव्हती. रात्री अंथरुणावर पडलं की याच पायांची आग आग होई. दिवसा तापलेली लादी न कळणारे पाय रात्री कशाचाही चटका नसताना पेटत. जखमी तंतू वर्दी आणायचे थांबतात, आणि तेच कधी कधी उगाच, आपणहून लहरी सोडत राहतात.

आता मामा जाड मोजे घालून देवळात जातात, आंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघतात आणि झोपायच्या आधी तळव्यांखाली आरसा धरतात. फोडांनंतर आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा एक अगदी साधी तपासणी झाली. नायलॉनचा एक ताठ धागा असतो, दहा ग्रॅमचा जोर पडला की वाकणारा. मामांना डोळे मिटायला सांगितलं आणि लागलं की "हो" म्हणायला सांगितलं. डॉक्टरांनी धागा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवला. तो वाकला. मग चवड्याला, मग करंगळीखाली. मामा डोळे मिटून शांत बसले होते, डॉक्टर कधी सुरू करतात याची वाट पाहत.