फेब्रुवारीतले तीनशे रुपये

फेब्रुवारीची पगारपावती एकदा नीट बघा. नोकरी हिंजवडीत असो, खराडीत असो की एखाद्या शाळेत, ‘व्यवसाय कर’ या रकान्यात अकरा महिने २०० रुपये कापलेले असतात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार जुळवायचे म्हणून. हा कर मुळात लागला कशासाठी, असं ऑफिसात डबा खाताना विचारलं, तर ‘रस्त्यांसाठी असेल’पासून ‘काही नाही हो, घेतात’पर्यंत उत्तरं आली.

खरं उत्तर १९७२च्या दुष्काळात आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि खडी फोडायची कामं हे तीन शब्द लगेच येतील. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५मध्ये एक प्रयोग केला होता: काम मागेल त्याला काम. तीच कल्पना रोजगार हमी योजना म्हणून राज्यभर गेली. तिचा खर्च भागवायला १९७५मध्ये व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारातून गावातली मजुरी. १९७७मध्ये योजनेचा कायदा झाला आणि २००५चा केंद्राचा रोजगार हमी कायदाही याच वाटेने आला.

आता यातली गंमत पाहा. शेती करपलेली, राज्याची कमाई आटलेली, आणि नेमका तेव्हाच सरकारने खर्च वाढवला. घरात कुणी असं केलं तर आपण त्याला ‘अंथरूण पाहून पाय पसर’ म्हणू. जगभरातल्या अनेक सरकारांनी अडचणीच्या काळात हाच घरगुती सल्ला मानला. तूट वाढली? मग खर्च कापा, अनुदानं आटवा, नोकरभरती थांबवा. अर्थशास्त्रात याला काटकसरीचं धोरण म्हणतात. त्याचा गरिबीवर काय परिणाम होतो हा प्रश्न भाषणांतून बाहेर पडून आकडेमोडीत कसा आला, ती गोष्ट फार जुनी नाही.

घर आणि सरकार यांत फरक आहे तो असा. मी बाहेरचं जेवण बंद केलं म्हणून माझा पगार कमी होत नाही. सरकारचा खर्च मात्र कुणाची तरी कमाई असतो: अंगणवाडीसेविकेचं मानधन, कंत्राटी सफाई कामगाराचा पगार, शाळेच्या छपराचं बिल. तो थांबला की त्या माणसाचा किराणा कमी होतो, मग किराणावाल्याची उलाढाल, मग त्याच्याकडे सामान चढवणाऱ्या पोऱ्याचा रोज. शेवटी सरकारचा जीएसटीही घटतो. सरकारने १०० रुपये कापले तर देशाचं एकूण उत्पन्न कितीने घटतं, या प्रमाणाला ‘गुणक’ म्हणतात. सगळं भांडण या एका आकड्याचं आहे. गुणक ०.५ असेल तर १०० रुपयांच्या कपातीने ५० रुपयांचं नुकसान. औषध कडू, पण चालेल. तो एकाच्या वर गेला तर बचतीपेक्षा नुकसान मोठं.

२०१०नंतर युरोपात कपातीची लाट आली तेव्हा अंदाज ०.५च्या आसपास धरून बांधले गेले होते. ऑक्टोबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपलेच अंदाज तपासले. मंदीनंतरच्या त्या काळात गुणक प्रत्यक्षात ०.९ ते १.७ असावा, असं त्यांच्याच अहवालात छापून आलं. कर्ज देताना कपातीच्या अटी घालणाऱ्या संस्थेने हे लिहावं, ही साधी गोष्ट नव्हे.

ग्रीसमध्ये हे सगळ्यात भीषण दिसलं. काही वर्षांत देशाचं उत्पन्न जवळपास चौथ्या हिश्शाने आकसलं आणि २०१३मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. कर्जाचं ओझं कमी करायला हे सगळं केलं, पण २००९मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १२७ टक्के असलेलं कर्ज २०१४मध्ये १७५ टक्क्यांच्याही वर होतं, आणि तेसुद्धा मधे सावकारांनी बरीच रक्कम सोडून दिल्यावर. छेद आकसला की अपूर्णांक वाढतो, सातवीतलं गणित.

त्याच काळात कपातीच्या बाजूने एक आकडा फार मिरवला गेला: कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासाचा वेग कोसळतो. कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा हा २०१०चा निबंध. थॉमस हर्न्डन हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी गृहपाठ म्हणून तेच गणित पुन्हा करायला बसला, आणि त्याचं उत्तर काही जुळेना. मूळ फाइल मिळाली तेव्हा कळलं की एक्सेलमध्ये सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेल्या होत्या. काही वर्षं वगळली होती, देशांना वजन देण्याची रीतही विचित्र होती. हे सगळं दुरुस्त केल्यावर कर्जबाजारी देशांचा उणे ०.१ टक्का दिसणारा वेग अधिक २.२ टक्के निघाला. एक्सेलमध्ये रकाना ओढताना शेवटच्या ओळी सुटणं आपल्यातल्या कुणाचं झालेलं नाही? आपल्या चुकीने फार तर सोसायटीचा मेंटेनन्स चुकतो.

इथवर एकूण उत्पन्नाचं झालं. विषमतेचा मुद्दा वेगळा, आणि तो समजायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. पीएमपीला, म्हणजे पुण्याच्या शहर बसला, चालवण्यात जी तूट येते ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरून देतात. जून २०२५मध्ये भाडेवाढ झाली. दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० झाला, महिन्याचा ९०० वरून १५००. बऱ्याच वर्षांनी झालेली वाढ होती आणि मधल्या काळात सगळंच महागलं, हे खरंच. पण समजा, जनता वसाहतीतल्या एक मावशी कोथरूडमध्ये चार घरची कामं करून महिन्याला १५ हजार मिळवतात. त्यांच्यासाठी वाढलेले ६०० रुपये म्हणजे कमाईचे ४ टक्के. दीड लाख पगारवाल्याला तेच ६०० म्हणजे ०.४ टक्के, आणि तो बसने जातच नाही. तूट कुठे गेली नाही, तिने फक्त खिसा बदलला. शिवाय दीड लाखवाला सहाशे रुपये बचतीतून देईल. मावशींकडे शिल्लक नसतेच, त्यामुळे ते दुधातून किंवा मुलाच्या क्लासमधून येतील.

मोठ्या प्रमाणावर हेच घडतं का? नाणेनिधीतल्या संशोधकांनी १९७८ ते २००९ या काळातले १७ विकसित देशांतले कपातीचे प्रसंग तपासले. २०१६मध्ये त्यांच्यापैकी काहींनी मांडलेला हिशेब असा: राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्का तूट घटवली की पाच वर्षांत दीर्घकालीन बेरोजगारीचा दर ०.६ अंकांनी वाढतो आणि गिनी गुणांक १.५ टक्क्याने. गिनी गुणांक म्हणजे विषमतेची मोजपट्टी. सगळ्यांची कमाई सारखी तर शून्य, सगळं एकाच्याच घरात तर एक. दीड टक्का किरकोळ वाटेल, पण हा काटा मुळात गोगलगायीसारखा हलतो. कर वाढवून तूट भरली तर विषमतेवरचा परिणाम कमी आणि खर्च कापून भरली तर जास्त, असंही त्या अभ्यासात दिसलं.

दुसरी बाजूही लंगडी नाही. इटालियन अर्थतज्ज्ञ अल्बेर्तो अलेसिना यांचं म्हणणं होतं की एकूण उत्पन्नाला खर्चकपातीपेक्षा करवाढ जास्त मारते. आणि तूट बेफाम सोडल्यावर काय होतं ते आपण १९९१मध्ये पाहिलंय. परकीय चलनासाठी देशाचं सोनं गहाण पडलं. महागाई भडकली तर तिचा पहिला चटकाही मावशींनाच. म्हणून २००३च्या कायद्याने केंद्राला तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणायचं बंधन घातलं, त्याला अर्थ आहे. मला खटकतं ते कात्री कुठून सुरू होते ते. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत जात नाही त्यांच्या योजनांपासून. ‘खऱ्या गरजूंनाच देऊ’ हे त्याचं सभ्य रूप. १९९७मध्ये रेशनचं तसं झालं, दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे असे दोन गट पडले. यादीत एखादा सधन माणूस घुसला तर त्याची बातमी होते. गरीब माणूस यादीतून सुटला तर तो कुठेच दिसत नाही, कारण त्याची नोंदच नसते. आणि ती रेषा तरी किती नाजूक! वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये गोखले इन्स्टिट्यूटमधून गरिबीचा अभ्यास मांडला, त्यात पाया होता दिवसाला २२५० कॅलरींचा. त्या रेषेच्या एका भाकरीइतका वर असलेला माणूस बसचा पास महागला की खाली येतो.

ज्यांच्या नावाची ती संस्था, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं मार्च १९०२मधलं अर्थसंकल्पावरचं पहिलं भाषण मला या सगळ्यात आठवत राहतं. फर्ग्युसनमध्ये शिकवणारा छत्तिशीही न गाठलेला माणूस कलकत्त्यात व्हाइसरॉयसमोर उभा. देशात दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग होऊन गेलेले, आणि सरकारी खात्यात सात कोटी रुपये शिल्लक. सभागृह अर्थसदस्याचं, म्हणजे तेव्हाच्या अर्थमंत्र्याचं, कौतुक करत होतं. गोखल्यांनी सांगितलं की या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही. लोक अशा हालात असताना एवढी शिल्लक उरते, कारण कर गरजेपेक्षा जास्त घेतलाय. त्यांनी बोट ठेवलं मिठावरच्या करावर. मणामागे अडीच रुपये, आणि मजुराला मीठ सावकारापेक्षा कमी लागत नाही. पुढच्या वर्षी तो कर दोन रुपयांवर आला, १९०५मध्ये दीड, १९०७मध्ये एक रुपया. दर उतरत गेला तसा मिठाचा खप वाढत गेला. म्हणजे तोवर लोक मीठसुद्धा हात आखडून खात होते.