शेकेल: वजनाचा आणि नाण्याचा

गल्याथ या पलिष्टी योद्ध्याचं चिलखत पाच हजार शेकेलचं होतं, असं बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. पहिल्यांदा वाचताना ही किंमतच वाटते. इस्रायलचं आजचं चलन शेकेल आहे हे बातम्यांमधून कानावर पडलेलं असतं, त्यामुळे तो समज पक्काही होतो. पण तिथे चिलखताचं वजन सांगितलंय. ५,००० शेकेल म्हणजे जवळपास ५७ किलो. त्याच्या भाल्याचं लोखंडी पातं ६०० शेकेल, म्हणजे ६.८ किलो. ते अंगावर घालून हा माणूस रोज मैदानात येऊन ओरडत होता!

हिब्रूमध्ये 'शाकाल' म्हणजे तोलणे, त्यावरून शेकेल. आपल्याकडे तुलेवरून तोळा आला तसंच. गंमत म्हणजे दोघांचं वजनही जवळजवळ सारखं निघतं. तोळा ११.६६ ग्रॅमचा, शेकेल सुमारे ११.३३ ग्रॅमचा. हा निव्वळ योगायोग, पण मनात अंदाज बांधायला फार उपयोगी. फक्त तोळा आजीच्या हिशेबातला धरायचा, आज सराफ म्हणतो तो दहा ग्रॅमचा नव्हे.

११.३३ हा आकडा पोथीतून आलेला नाही, दगडांतून आलाय. यहूदाच्या प्राचीन राज्यातली (यरुशलेम म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या), इसवी सनपूर्व आठव्या-सातव्या शतकांतली चुनखडीची छोटी घुमटाकार वजनं उत्खननांत शेकड्यांनी सापडली आहेत. ती तोलून सरासरी काढली की शेकेल ११.३३ च्या आसपास येतो. दोन वजनं अगदी तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा दशांशानंतरच्या आकड्यांवरून भांडण्यात अर्थ नाही. या दगडांवरचे अंक मात्र चकवतात. आठ शेकेलच्या दगडावर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या लिपीतला दहाचा अंक असतो, चारच्या दगडावर पाचाचा. कारण मिसरचं केदेत नावाचं वजन ९.१ ग्रॅमच्या आसपास होतं, आणि १० केदेत म्हणजे बरोबर ८ शेकेल. शेजारच्या मोठ्या बाजारपेठेशी व्यवहार करायचा तर तिच्या मापाशी जुळवून घ्यावंच लागतं.

यातलाच एक दगड माझा आवडता. त्यावर 'पिम' असं कोरलेलं असतं आणि वजन ७.८ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे शेकेलचा साधारण दोन तृतीयांश भाग. हा शब्द बायबलमध्ये एकदाच येतो, इस्रायली लोकांनी शेजारच्या पलिष्टी लोहारांकडे नांगराचे फाळ नेण्याच्या प्रसंगात. त्याचा अर्थ कोणालाच लागत नव्हता, काही जुन्या भाषांतरांनी तर तिथे कानस घालून दिली. दगड सापडले तेव्हा कळलं की ही लोहाराची मजुरी होती, पिमभर चांदी.

आता ग्रॅमवरून शेकेल काढायचा तर ग्रॅमला ११.३३ ने भागा. एका किलोत सुमारे ८८ शेकेल. शेकेलच्या खाली बेका म्हणजे अर्धा शेकेल, आणि गेरा म्हणजे विसावा भाग, जेमतेम ०.५७ ग्रॅम. वर किक्कार: ३,००० शेकेल, साधारण ३४ किलो. हे ३,००० बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायातून स्वतः काढता येतात. ६,०३,५५० पुरुषांनी माणशी एक बेका दिला, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल झाले. एकूण चांदी लिहिली आहे १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल. वरचे १,७७५ वजा करा, शंभराने भागा. झालं.

मधलं माप माने, तिथे जपून. हा माने सहसा ५० शेकेलचा धरतात, पण यहेज्केल हा संदेष्टा ६० शेकेलचा सांगतो. तो बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातला माणूस, आणि बाबेलमध्ये सगळं साठाच्या हिशेबात चाले. तिथला शेकेल मात्र हलका होता, ८.४ ग्रॅमच्या आसपास. घरच्या गॅस सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस घेतला तर १,२५३ शेकेल होतात. ५० च्या हिशेबाने ते २५ माने, ६० च्या हिशेबाने २१ ला थोडे कमी.

हे सगळं वजनाच्या शेकेलचं. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने मकपेलाच्या गुहेसाठी एफ्रोनला ४०० शेकेल चांदी दिली, ती मोजून नव्हे, तोलून. तेव्हा नाणी नव्हतीच. तराजूत साडेचार किलो चांदी पडली आणि व्यवहार झाला.

नाण्याचा शेकेल पुष्कळ नंतरचा. त्यातला सगळ्यात नावाजलेला सोर (आजच्या लेबनॉनमधलं टायर) शहराचा, इसवी सनपूर्व १२६ च्या सुमारास पाडायला सुरुवात झालेला. त्यात चांदी चांगली, म्हणून यरुशलेमच्या मंदिराचा करही त्यातच भरत. वजन सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे जुन्या दगडापेक्षा जवळजवळ पावपट जास्त. आपल्याकडे चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा असे, म्हणून 'रुपयाभार' म्हटलं की वजन कळायचं. शेकेलच्या बाबतीत ती सोय नाही. आणि १९८० साली आलेला, १९८५ मध्ये 'नवा' झालेला इस्रायली शेकेल तर फक्त नावाचा वारस. इस्रायलात स्थायिक झालेले आपले मराठी बेने इस्रायली खिशात तोच घेऊन फिरतात, पण त्यावरून गल्याथाचं चिलखत तोलता येत नाही.

फरक किती पडतो ते तीस या एका आकड्यावर पाहता येतं. बैलाने कुणाचा दास मारला तर धन्याला ३० शेकेल चांदी द्यावी, असं निर्गमात आहे. दगडाच्या मापाने ती ३४० ग्रॅम. येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताला मिळालेली तीस नाणी सोरची असतील, तर त्याच्या थैलीत ४२० ग्रॅम चांदी होती.