घडीची चूल, स्पिरिट आणि जागलीचा चहा

चना घाट्यावर आला की आमच्याकडे घरातला एक माणूस तरी रात्री वावरातच असतो. डुकरांचा कळप एकदा आत शिरला की सकाळी पाहायला काही उरत नाही, म्हणून मचानावर बसायचं, टॉर्च फिरवायचा, मधूनमधून डबा बडवायचा आणि दोन-अडीच वाजता डोळे मिटायला लागले की चहा मांडायचा. आता हा चहाच खरी अडचण आहे. खाली तीन दगडांवर पऱ्हाट्या पेटवायच्या म्हटलं तर दवाने ओल्या झालेल्या पऱ्हाट्या पंधरा मिनिटं नुसता धूर देतात, आणि जवळ कुटाराचा ढीग असेल तर एका ठिणगीचीही भीती वाटते.

मागच्या हिवाळ्यात फौजेतून रिटायर झालेल्या भाऊजींनी मला एक घडीची चूल दिली. तळहाताएवढी, पत्र्याची. दोन्ही बाजूचे पंख उघडले की उभे राहतात, त्यावर छोटा गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचं आणि मधल्या ट्रेमध्ये पांढरी वडी पेटवायची, बंद केली की वड्या तिच्याच पोटात बसतात. ही चूल मूळची जर्मनीची, १९३६ साली एरिख शुम नावाच्या माणसाने ही वडी काढली आणि तिला एस्बिट नाव दिलं, जे त्याच्या नावाची आणि 'वडीच्या रूपातलं इंधन' या जर्मन शब्दांची अक्षरं जोडून बनलंय. वडी असते हेक्झामिनची, म्हणजे फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया यांच्यापासून बनणारा पांढरा पदार्थ. वजनाला हलकी, सांडत नाही, त्यामुळे सैनिकाच्या पाठपिशवीसाठी चांगलीच. पण जळताना उग्र वास येतो, गंजाच्या बुडाला चिकट काळपट थर बसतो, धूर श्वासात घेण्यासारखा नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमच्या तालुक्याच्या बाजारात ती मिळत नाही. भाऊजींनी दिलेल्या वड्या महिनाभरात संपल्या.

मग स्पिरिट. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा सगळ्यांनी पाहिलाय, निळसर ज्योत, काजळी नाही, मला वाटलं ट्रेमध्ये एक वाटी ठेवू, स्पिरिट ओतू, काम झालं.

काम झालं नाही. पहिल्या दोन मिनिटांत शांत जळलं, मग अचानक ज्योत फुगली, गंजाच्या बाजूंनी वर आली, कान इतका तापला की फडकं धरूनही उचलवेना, आणि चौथ्या मिनिटाला सगळं विझलं. पाणी कोमट. इंधन तेवढंच, चूल तीच, मग उष्णता गेली कुठं? या प्रश्नामागे मी पुढचे दोन महिने लागलो आणि त्यात जे समजलं ते सांगतो.

मुळात जळतं काय? वडी जळत नाही, स्पिरिटही जळत नाही, जळते त्यांची वाफ. हेक्झामिनची वडी वितळत नाही, घनपदार्थाची सरळ वाफच होते आणि त्याला तापमान लागतं साधारण २८० अंश सेल्सिअस. म्हणजे वडी तापायला वेळ घेते, हळूहळू वाफ सोडते, स्वतःचा वेग स्वतःच सांभाळते. स्पिरिटमधलं इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मात्र ७८ अंशालाच उकळतं. आता ही चूल म्हणजे तीन बाजूंनी तापलेला पत्रा, ज्योत पत्र्याला तापवते, पत्रा वाटीला तापवतो, वाटीतलं स्पिरिट उकळायला लागतं, जास्त वाफ म्हणजे मोठी ज्योत, मोठी ज्योत म्हणजे अजून तापलेला पत्रा, असं ते चक्र पळत सुटतं. त्यात हवा पुरत नाही. १ मिली इथेनॉल पूर्ण जळायला साधारण ६ लिटर हवा लागते, म्हणजे १५ मिलीच्या एका चहाला ९० लिटर, आपल्या पाण्याच्या १५ लिटरच्या गुंडाने मोजलं तर सहा गुंड हवा! ती त्या चिमुकल्या खोक्यात भसाभस कुठून येणार, म्हणून वाफ गंजाच्या खाली न जळता बाजूला जाऊन जिथं हवा मिळेल तिथं जळते. उष्णता तिथं गेली होती, मचानाखालच्या अंधारात.

म्हणून पहिला बदल वाटीचा. बूटपॉलिशची रिकामी डबी घेतली, आत पॉलिश अजिबात राहू नये अशी गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुतली. तोंड लहान असलं की वाफ निघायचा पृष्ठभाग लहान, आणि डबीच्या झाकणाने चूल विझवताही येते, ही सोय फार मोलाची आहे कारण स्पिरिटची आग फुंकून विझवायला जाऊ नये, पेटतं इंधन उडतं. डबी थेट ट्रेवर न ठेवता खाली फुटक्या कवेलूचा एक तुकडा ठेवला, भाजलेली माती उष्णता हळू जाऊ देते त्यामुळे तापलेला ट्रे डबीला खालून उकळवत नाही. एवढ्यानेच ज्योतीचा फुगारा निम्मा कमी झाला.

दुसरा बदल आमच्याच वावरातला. डबीत कापूस भरला. इथं एक मजेदार गोष्ट आहे, जी तुम्ही घरी करून पाहू शकता: बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाण्याच्या वाटीत टाका, तो तरंगतो, कारण धाग्यावर निसर्गाने मेणाचा पातळ थर दिलेला असतो. मेडिकलमधला कापूस हा थर काढून टाकलेला असतो म्हणून तो लगेच पाणी पितो. पण कच्चा कापूस स्पिरिटमध्ये टाकला की लगेच बुडतो. कारण पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण ७२ आणि इथेनॉलचा २२ (मिलीन्यूटन प्रति मीटर या एककात), म्हणजे स्पिरिट आखडून थेंब धरत नाही, मेणावरही पसरतं आणि धाग्यांच्या फटीत शिरतं. डबीत कापूस असला की अंधारात धक्का लागून डबी आडवी झाली तरी सगळं इंधन एकदम सांडत नाही, शिवाय वाफ एकसारखी निघते. आणि कापूस जळत का नाही? देवाजवळची वात जळत नाही तसंच, जोपर्यंत ओला आहे तोपर्यंत त्याचं तापमान ७८ च्या फारसं वर जाऊच शकत नाही, आलेली उष्णता स्पिरिटची वाफ करण्यातच खर्च होते. इंधन संपलं की मात्र वरचा थर करपतो, म्हणून शेवटची ज्योत बारीक झाली की झाकण टाकायचं, आणि आठ-दहा वेळा वापरून झाला की कापूस बदलायचा.

तिसरा बदल सगळ्यात महत्त्वाचा आणि तो अंतराचा आहे. वडीची ज्योत बुटकी, म्हणून या चुलीत गंज खूप खाली बसतो. कवेलू आणि डबी ठेवल्यावर डबीच्या तोंडापासून गंजाच्या बुडापर्यंत जेमतेम २ सेंटीमीटर राहिले. गावातल्या लोहाराकडून दोन लोखंडी पट्ट्या कापून घेतल्या, त्यात लांबट खाचा पाडल्या आणि दोन्ही पंखांना नट-बोल्टने अशा लावल्या की नट सैल करून पट्टी वरखाली सरकवता येते आणि चूल घडी करताना काढता येते. मग वावरात नाही, घरच्या अंगणात वारा नसताना बसून मोजलं. प्रत्येक वेळी ३०० मिली पाणी, १५ मिली स्पिरिट. २ सेंटीमीटरला ज्योत बुडावर आपटून बाजूला पसरली, नाकाला झोंबणारा वास आला आणि पाणी उकळलंच नाही. ६ सेंटीमीटरला ज्योत सुंदर, वास नाही, पण पाण्याला नुसते बुडबुडे आले. ३.५ सेंटीमीटरला साडेसहा-सात मिनिटांत खळखळून उकळी.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. ज्योतीच्या आत सगळं जळणं एका क्षणात होत नाही, वाफ वर जाता जाता टप्प्याटप्प्याने जळते. मधेच थंड गंज आडवा आला तर ज्योतीची उष्णता तो खेचून घेतो आणि जळणं अर्धवट थांबतं, अर्धवट जळालेल्या इथेनॉलमधून अ‍ॅसिटाल्डिहाइड निघतो, तो झोंबणारा वास त्याचाच, आणि सोबत कार्बन मोनॉक्साइडही, ज्याला वासच नसतो. म्हणून वास येतोय याचा अर्थ चूल विषारी वायूही सोडतेय असं समजा, आणि ही चूल बंद खोपडीत, तंबूत कधीच पेटवू नका. गंज फार दूर ठेवला तर उलट, जळणं पूर्ण होतं पण गरम वायू वर येईपर्यंत आजूबाजूची थंड हवा ओढून पातळ होतात.

आता हिशोब करू. ३०० मिली पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ९४ किलोज्यूल लागतात. चांगल्या स्पिरिटच्या १ मिलीमध्ये २० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर ५ मिलीत चहा झाला असता. लागले १५. म्हणजे तिसरा हिस्सा पाण्यात, बाकी हवेत आणि पत्र्यात. ऐकायला वाईट वाटतं पण उघड्या छोट्या चुलीसाठी हे ठीक आहे, आणि वाऱ्यात स्पिरिट याच्या दुप्पटही लागू शकतं, म्हणून तेलाच्या पिपाचा पत्रा कापून गोल आडोसा केला, खालच्या कडेला भोकं पाडून, कारण वारा अडवायचा आहे, त्या सहा गुंड हवेला अडवायचं नाही. रॉकेलमध्ये वजनाच्या मानाने दीडपटीहून जास्त ऊर्जा असते हे खरं, पण रॉकेलला नीट जाळायला पंप, बर्नर, पिन सगळं लागतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, म्हणून ऊर्जा कमी पण काजळीही जवळपास नाही, आणि एका डबीत भागतं.

काजळी नसण्याची एक धोक्याची बाजू आहे आणि ती मी डोळ्यांनी पाहिली. दिव्याची ज्योत पिवळी दिसते ती तापून उजळलेल्या काजळीच्या कणांमुळे. स्पिरिटमध्ये ते कण नाहीत, म्हणून भर उन्हात ज्योत दिसतच नाही. संक्रांतीच्या सुमारास दुपारी धुऱ्यावर चूल लावली होती, शेजारच्या वावरातले काका आले, म्हणाले, "काऊन गा, हे तं पेटलंच नाही," आणि बाटली उचलून ओतायला वाकले. मी हात धरला म्हणून वाचलो. बाटलीत काय होतं ते ऐका: इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असली की पेट घेते, आणि २० अंशाला अर्धवट रिकाम्या बाटलीतल्या हवेत ही वाफ साधारण ६ टक्के असते, म्हणजे बरोबर पेटण्याच्या मापात. ज्योत धारेवरून वर चढली की बाटलीच्या आतली वाफ पेटते आणि तोंडातून आगीचा फवारा समोरच्या माणसावर जातो. म्हणून पेटलेल्या किंवा नुकत्या विझलेल्या डबीत स्पिरिट कधीही, कधीही ओतायचं नाही. पाच मिनिटं थांबायचं, हाताला डबी थंड लागली पाहिजे, लागेल तेवढंच औषधाच्या मापाने घ्यायचं आणि बाटली बंद करून दहा पावलं दूर ठेवायची. दिवसा पेटवायची असेल तर मी कापसावर चिमूटभर मीठ टाकतो, मिठातल्या सोडियममुळे ज्योत पिवळी दिसते. डबी लवकर गंजते, गंजू द्या.

स्पिरिट कोणतं, हे बरेच जण विचारतात. फर्निचर पॉलिशवाले लाख विरघळवायला वापरतात ते डिनेचर्ड स्पिरिट, म्हणजे पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं, चालतं. थिनर चालत नाही, त्यात बहुधा टोल्यूइनसारखे पदार्थ असतात, काळा धूर येतो. सॅनिटायझर पेटतं पण त्यातलं पाणी तापवण्यात उष्णता जाते आणि ग्लिसरीन मागे उरतं. पाणी मिसळलेलं इंधन म्हणजे वाईटच असं मात्र नाही. फलटणच्या नारी (निंबकर कृषी संशोधन) संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्वयंपाकाचा स्टोव्ह बनवला होता, कारण असं मिश्रण सहज भडका घेत नाही, पण त्याला खास बर्नर लागतो, बूटपॉलिशच्या डबीचं ते काम नाही.

डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, जिथं पिण्यासाठी माणूस काहीही शोधतो. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अ‍ॅसिड बनतं, ते डोळ्यांच्या नसा मारतं, १० मिलीइतकं शुद्ध मिथेनॉलही कायमचं आंधळं करू शकतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनेच. वावरात पाण्याच्या बाटल्या सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि रात्री तहान लागली की हाताला येईल ती बाटली माणूस तोंडाला लावतो. माझी स्पिरिटची बाटली म्हणून वेगळ्या आकाराची आहे, तिला लाल चिंधी बांधलेली आहे आणि ती मचानावर चढत नाही, चूलही चढत नाही, चहा खाली मोकळ्या जमिनीवरच.

जानेवारीच्या पहाटे मात्र एक उलटीच अडचण येते. इथेनॉलला पेट घेण्याइतकी वाफ सुटायला साधारण १३ अंश तापमान लागतं, आमच्याकडे पारा आठ-नऊवर आला की काडी दाखवून ते धरत नाही, काडी बोट भाजेपर्यंत कापसाला टेकवावी लागते. उपाय घरातच निघाला. आजी पंपाचा स्टोव्ह पेटवायची तेव्हा तारेला गुंडाळलेला काकडा स्पिरिटमध्ये भिजवून बर्नरला लावायची, रॉकेलची नळी आधी तापावी म्हणून. मी तसाच एक छोटा काकडा केलाय, टोकाला कापूस आणि मुठीला तार. तो स्पिरिटमध्ये बुडवायचा, बाटली बंद करून दूर नेऊन ठेवायची, काकडा तळहाताच्या उबेत मिनिटभर धरायचा, एका दगडावर टेकवायचा, हात चांगला कोरडा झाल्यावरच पेटवायचा आणि तारेने धरून डबीला लावायचा. पहिल्या झटक्यात धरते.