आदर्श किती अंतरावर असावा?

बारावीचे किंवा नीट, जेईईचे निकाल लागले की नागपुरात चौकाचौकांत शिकवणी वर्गांचे फलक झळकू लागतात. त्यांवर गुणवंताचा चेहरा, गुण आणि देशातील क्रमांक असतो. अकरावीत जाणाऱ्या मुलाने हाच आदर्श समोर ठेवावा, असे पालकांना वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आदर्शांच्या परिणामाविषयी मानसशास्त्रात जे संशोधन झाले आहे ते पाहता, मुलाच्या सर्वांत उपयोगाची माहिती नेमकी त्या फलकावर नसते.

पाहून शिकण्याची क्षमता आपल्यात किती खोलवर रुजलेली आहे, हे अल्बर्ट बंडुरा यांनी 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात 72 लहान मुलांवर केलेल्या प्रयोगातून दिसले. हवा भरलेल्या बाहुलीला मारणारी मोठी व्यक्ती ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी पुढे तिचे हावभाव आणि शब्दसुद्धा उचलले. 1965 च्या प्रयोगात त्या व्यक्तीला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी अनुकरण कमी केले; मात्र बक्षीस देऊ केल्यावर त्यांनीही सर्व कृती जवळजवळ तितक्याच अचूक करून दाखवल्या. म्हणजे पाहिलेले वागण्यात उतरले नाही, तरी मनात साठलेले असते.

मग थोर व्यक्ती पाहिली की उमेद वाढतेच का? पेनेलोपी लॉकवुड आणि झीवा कुंडा यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतील एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याविषयीचा मजकूर वाचायला दिला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे स्वतःविषयीचे मत तो वाचून उंचावले, कारण तिथवर पोहोचायला त्यांच्या हाती वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर तसा परिणाम झाला नाही. आदर्श तोच, मजकूर तोच, फरक फक्त अंतर अजून कापता येईल की नाही, एवढाच होता. दहावीतील मुलाला उभारी देणारे नाव परीक्षेच्या आदल्या महिन्यात त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा घेण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

अंतर कापता येण्याजोगे वाटण्यासाठी साम्य दिसावे लागते. डेल शंक आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1985 मध्ये हातच्याच्या वजाबाकीत अडणाऱ्या मुलांना काही गटांत विभागले. समवयस्क मुलाला ती शिकताना पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास आणि गुण, शिक्षकाला गणित सोडवताना पाहणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. विदर्भातील क्रिकेटपटूंसाठी उमेश यादव हे असेच जवळचे उदाहरण ठरावे. कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा नागपूरजवळच्या वलनीत वाढला आणि 2011 मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. शेजारच्या खापरखेड्याच्या मुलाला तो रस्ता ओळखीचा वाटतो, आणि माझ्या मते त्याच्या बळींच्या संख्येहून हे अधिक मोलाचे आहे.

साम्य शोधताना एक धोका मात्र आहे. एका गुणाने भारावलेले मन त्या व्यक्तीला इतर गुणही बहाल करून टाकते, ही प्रवृत्ती एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच नोंदवली होती. (फलंदाजाच्या सल्ल्याने आपण केसांचे तेल निवडतो, ते याच प्रवृत्तीमुळे.) म्हणून संपूर्ण माणूस उचलण्यापेक्षा त्याची विशिष्ट सवय किंवा कौशल्य निवडणे अधिक सुरक्षित असते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर 1956 मध्ये धम्मदीक्षा घेणारे बाबासाहेब आंबेडकर बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले हे आपले तीन गुरू असल्याचे सांगत. तिघांचे काळ वेगळे, कार्यक्षेत्रे वेगळी, आणि एकाशीही त्यांची प्रत्यक्ष भेट झालेली नव्हती.

आदर्शाचा परिणाम दिसायला वेळही द्यावा लागतो. 1993 पासून पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी प्रमुखपदे राखीव झाली; त्याचा परिणाम पाहण्यासाठी पुढे पश्चिम बंगालमधील 495 गावांचा एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. ज्या गावांत दोन कार्यकाळ स्त्रीप्रमुखासाठी राखीव होते, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातील तफावत नाहीशी झाली आणि मुलींचा घरकामातील वेळ घटला. 2012 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांत तरुण स्त्रियांसाठी रोजगाराच्या संधी वाढल्याचे आढळले नव्हते. त्यामुळे हा बदल मुख्यतः समोर दिसणाऱ्या त्या प्रमुख स्त्रीच्या उदाहरणामुळे झाला, असे संशोधकांनी मानले.